वीस तारखेनंतरचा ग्लास: हजाराच्या आतली कोरडी पांढरी वाइन आणि जळगावचा उन्हाळा

वीस तारीख | २१ एप्रिल, रात्री ९.५०

जळगावात जीएसटीची रिटर्नं भरायचं काम करते. ज्यांचा या प्रकाराशी संबंध नाही त्यांच्यासाठी: दर महिन्याची वीस तारीख म्हणजे आमची बारावीची परीक्षा, वर्षातून बारा वेळा. पंधरा दिवस मागितलेली बिलं लोकांना एकोणीसच्या रात्री साडेअकराला सापडतात आणि ती व्हॉट्सॲपवर वाकडे फोटो काढून येतात. वीसला पोर्टल गोल गोल फिरत बसतं. एकवीसच्या संध्याकाळी काम संपलेलं असतं, पण खांदे अजून कानांना चिकटलेलेच असतात.

दोन वर्षांपूर्वी पुण्याच्या मैत्रिणीकडे पहिल्यांदा कोरडी पांढरी वाइन प्यायले. तोवर वाइन म्हणजे चुलत सासऱ्यांनी गोव्याहून आणलेली पोर्ट, काकवीसारखी गोड आणि दाट. घरात ती 'खोकल्याला बरी' म्हणून कपाटात असायची आणि बारा महिने कुणाला ना कुणाला खोकला असायचा. त्या हिशेबाने मी मैत्रिणीकडचा पहिला घोट घेतला आणि तोंड वाकडं झालं. गोडाचा पत्ताच नाही. कोवळी कैरी मीठ न लावता चावावी तसं. दुसऱ्या घोटाला जरा ओळख पटली. तिसऱ्यानंतर तोंड स्वच्छ धुतल्यासारखं वाटलं, आणि पोर्टनंतर जो चिकटपणा जिभेवर राहतो तो अजिबात नव्हता.

तेव्हापासून एकवीसला रात्री एक ग्लास. सातनंतर गच्चीवर पाणी मारायचं. पहिल्या बादलीला फरशी चर्र करते, दुसरीला गप्प बसते. बिबडे-कुरडयांचं वाळवण गोळा करून एका कडेला ठेवायचं आणि बसायचं. नवरा ताक घेऊन बसतो, त्याला हे काही आवडत नाही.

तर मुद्दा असा. एक, हजाराच्या आत चांगली कोरडी पांढरी कोणती बघू? दोन, इथे एप्रिलमध्येच पारा त्रेचाळीसला, मग बाटली ठेवायची कशी? आणि पाच ग्लासच्या बाटलीतला एक प्यायल्यावर उरलेल्या चारचं काय? सोबत काय खावं तेही सांगा. कुणी म्हणतं चीज. आमच्याकडे चीज म्हणजे पोरांच्या सँडविचमधली चौकोनी चकती.

---

तिखट नाना | २१ एप्रिल, रात्री १०.१५

ताई, आधी दुकानात काय झालं ते सांगा. आमच्या धुळ्यात 'वाइन शॉप' अशी हातभर पाटी आणि आत वाइन सोडून सगळं.

---

वीस तारीख | २१ एप्रिल, रात्री १०.३२

नाना, तेच झालं. पहिल्या वेळी मी स्वतः गेले होते. बाई बघून काउंटरची रांग आपोआप बाजूला सरकली, तेवढा एक फायदा. म्हटलं, "दादा, ड्राय व्हाइट आहे का?" तो म्हणाला, "ताई, आज ड्राय डे नाहीये, सगळं चालू आहे." मग खालच्या फळीवरून धूळ पुसत तीन बाटल्या काढल्या. दोन लाल, एक गुलाबी. म्हणाला, "पांढरी हवी तर व्होडका देऊ?"

---

साक्री रोड | २१ एप्रिल, रात्री १०.४०

😂😂 व्होडका देऊ!

---

वेलीवरचा | २२ एप्रिल, सकाळी ७.०५

नाशिकला वायनरीत काम करतो, मूळ गाव सटाण्याकडचं, म्हणजे बागलाणी. घरी अजून अहिराणीच चालते. हक्काने लिहितो, थोडं लांबेल.

'कोरडी' म्हणजे साखर उरलेली नाही. द्राक्षाच्या रसातली साखर यीस्ट खातं, तिचा अल्कोहोल आणि कार्बन डायऑक्साइड करतं. यीस्टला शेवटपर्यंत खाऊ दिलं की वाइन कोरडी. मध्येच थंड करून किंवा गाळून थांबवलं की थोडा गोडवा राहतो. युरोपच्या नियमात साधारणपणे लिटरला ४ ग्रॅमपर्यंत साखर असेल तर कोरडी म्हणतात. तुमची पोर्ट याच्या दुसऱ्या टोकाची.

आपल्याकडे दोन पांढऱ्या सहज मिळतात, सोव्हिन्यों ब्लाँ आणि शेनिन ब्लाँ. नाशिकमध्ये सुलाने २००० साली पहिल्या वाइन बाजारात आणल्या, त्यात याच दोन होत्या. दोन्ही द्राक्षं मूळची फ्रान्सची. शेनिन तिथल्या लुआर खोऱ्यातलं, दक्षिण आफ्रिकेत त्यालाच स्टीन म्हणतात. आपल्या खाण्याच्या थॉमसन, सोनाकाशी त्यांचा संबंध नाही. वाइनचं द्राक्ष छोटं, जाड सालीचं, बियांचं. पाहुण्यापुढे ठेवलं तर पाहुणा परत यायचा नाही.

घोळ शेनिनमध्ये होतो. काही कंपन्या ती पूर्ण कोरडी करतात, काही गोडसर ठेवतात. नाव तेच. म्हणून लेबलाच्या मागच्या बाजूला 'ड्राय' की 'ऑफ ड्राय' ते वाचा. शंका असेल तर सोव्हिन्यों ब्लाँ उचला, ती बहुतेक कोरडीच असते. अकलूजकडच्या फ्रातेल्लीच्या पांढऱ्यासुद्धा बघा. ब्रँडपेक्षा साल महत्त्वाचं. या किमतीतली पांढरी वाइन मुरवायची नसते, ताजी प्यायची असते. लेबलावर मागच्या किंवा त्याआधीच्या वर्षाचा आकडा असेल तर घ्या, त्याहून जुनी असेल तर दुकानदाराला नमस्कार.

आणि ताई, झाकण फिरकीचं बघून घ्या. बुचाची बाटली म्हणजे भारी असं काही नाही. ताज्या पांढरीला फिरकीच बरी, आणि तुम्हाला ती पुन्हा बंद करायची आहे.

---

गिरणाकाठ | २२ एप्रिल, सकाळी ९.२०

वेलीवरचा यांना +१. साठवणुकीबद्दल माझा धडा सांगतो, बाराशे रुपयांचा होता.

मे महिना, चाळीसगावला लग्न. नाशिकहून येताना मेव्हण्यासाठी बुचाची पांढरी घेतली आणि गाडीच्या डिकीत टाकली. मांडवात जेवणं, मानपान, फोटो यात पाच तास गेले. संध्याकाळी डिकी उघडली तर बूच नखभर वर आलेलं आणि मानेला चिकट ओघळ. तरी हौस केली, थंड करून ओतली. रंग चहाच्या पहिल्या पाण्यासारखा, वास शिजवलेल्या सफरचंदाचा. मेव्हणा सभ्य माणूस, म्हणाला, "वेगळीच आहे." उन्हात तापलेली वाइन पुन्हा फ्रिजमध्ये ठेवून सुधारत नाही, ती शिजलेली असते. शिजलेला भात कच्चा होतो का?

म्हणून आपल्याकडे मार्च ते जून काचेच्या शोकेसमध्ये, रस्त्याकडे तोंड करून उभी असलेली बाटली घ्यायची नाही, फुकट दिली तरी. आतल्या अंधाऱ्या फळीवरची मागा. एसी असलेलं दुकान असेल तर चार पैसे जास्त गेले तरी तिथून. घरी आणली की सरळ फ्रिज. तळघर वगैरे फ्रेंच लोकांकडे, आपल्याकडे भाजीचा खालचा कप्पा.

---

बिबडा | २२ एप्रिल, दुपारी १.४५

दुपारी दीड वाजता हा धागा वाचणं म्हणजे छळ आहे. भुसावळ. लाइट गेलेत.

---

साक्री रोड | २२ एप्रिल, दुपारी २.१०

गार करायची युक्ती. स्टीलच्या खोल पातेल्यात बर्फ, बर्फ बुडेल एवढं पाणी आणि दोन मुठी जाडं मीठ. पॉटचं आइस्क्रीम फिरवलंय ना लहानपणी? तेच तत्त्व, मिठाने बर्फाचं पाणी शून्याच्या खाली जातं. नुसत्या बर्फात हवा राहते म्हणून पाणी हवंच. वीस मिनिटांत बाटली तयार. फ्रीझरमध्ये टाकून विसरू नका, फुटते. माझी फुटलीय, मटारच्या पिशव्यांवर.

ग्लासात बर्फ टाकला तर जाणकार रागावतात. मे महिन्यात धुळ्यात राहून दाखवा म्हणावं.

---

वेलीवरचा | २२ एप्रिल, संध्याकाळी ६.३०

रागावत नाही साहेब, घाला. फक्त पहिले दोन घोट बर्फाविना घ्या म्हणजे काय विकत घेतलंय ते कळेल. पांढरी ८ ते १० अंशांना छान लागते. अगदी बर्फगार केली तर वासच येत नाही. उलट स्वस्तातली जरा फसलेली निघाली तर मुद्दाम खूप गार करा, दोष झाकले जातात. हे आमच्या मालकांना सांगू नका.

उरलेल्या चार ग्लासबद्दल: वाइनचा शत्रू हवा. अर्ध्या बाटलीत अर्धी हवा असते. एखादी छोटी काचेची बाटली उकळत्या पाण्याने धुवून, पूर्ण वाळवून ठेवा. मोठी उघडल्या उघडल्याच छोटीत गळ्यापर्यंत भरा आणि घट्ट झाकण लावून फ्रिजमध्ये ठेवा. चारपाच दिवस तरी हसत जातील. बाटलीच्या तळाशी कधी साखरेसारखे चमकणारे खडे दिसले तर घाबरू नका. ते टार्टारिक आम्लाचे क्षार, द्राक्षातलेच. लोक काच समजून परत आणून देतात.

---

तिखट नाना | २२ एप्रिल, रात्री ९.००

खाण्याचं कुणी बोलेना म्हणून मी बोलतो. शेवभाजीबरोबर घेऊन पाहिली. ताईंनो, भावांनो, करू नका. खान्देशी शेवभाजी, वर लाल तर्री, आणि वर कोरडी वाइन: घशाला वणवा लागला. बायको म्हणे, "आता ताक मागू नका."

---

वेलीवरचा | २२ एप्रिल, रात्री ९.२५

नाना, अल्कोहोल तिखटाचा जाळ वाढवतं, आणि कोरडीत तो विझवायला साखर नाही. तर्रीबरोबर घ्यायचीच असेल तर गोडसर शेनिन बरी. तिथे गोडवा कामाला येतो. काळ्या मसाल्याच्या पाटवडी रश्श्यालाही तीच.

कोरडीबरोबर खारट, तळलेलं किंवा धुराचं हवं. सोव्हिन्यों ब्लाँच्या वासात एक हिरवा, कच्चा वास असतो, ढोबळी मिरची कापल्यावर येतो तसा. तो योगायोग नाही. मिरचीत ज्या पायराझिन गटाच्या द्रव्यांमुळे तो येतो, तीच या द्राक्षातही असतात. म्हणून आपलं भरीत तिच्याबरोबर जमतं. बामणोदची वांगी, काड्यांवर भाजलेली, ठेचलेली हिरवी मिरची, कांद्याची पात, वरून कच्चं तेल. मिरची मात्र अर्धी करा.

---

गिरणाकाठ | २२ एप्रिल, रात्री ९.४०

मिरची अर्धी केलेलं भरीत? हा धागा बंद करण्यात यावा.

---

बिबडा | २२ एप्रिल, रात्री ९.५५

आणि एप्रिलात भरीत कोण करतं? भरताची वांगी थंडीची. आता गच्चीवर बिबडे वाळतायत तेच भाजा की. ज्वारीचा बिबडा निखाऱ्यावर भाजून, तेलाचं बोट फिरवून, वर कच्चा कांदा. माझ्या नावाचा मान राखा.

---

नुसती वाचक | २३ एप्रिल, सकाळी ११.३०

सहसा लिहीत नाही. धागा गमतीचा आहे, मजा घालवायची नाही, पण राहवत नाही म्हणून लिहिते.

आमच्या घरीही 'एकच' होता. वडिलांचा पगार झाला की एक. मग शनिवारी एक. पुढचं सांगत नाही. आई संध्याकाळी सात वाजले की फाटकाच्या कडीचा आवाज ऐकत बसायची, कडी कशी वाजते त्यावरून तिला कळायचं. वाइन म्हणा, द्राक्षाचा रस म्हणा, नाव बदलून आत असतं तेच. जानेवारी २०२३ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनेही सांगितलंय की अल्कोहोलचं कुठलंही प्रमाण सुरक्षित म्हणता येत नाही. 'हृदयाला चांगली' वगैरे कुणी लिहायच्या आधीच लिहून ठेवते.

---

वीस तारीख | २३ एप्रिल, रात्री ८.१०

नुसती वाचक, लिहिलंत ते बरं केलंत. कडीचं वाचून थोडा वेळ काहीच टाइप झालं नाही.

माझा धंदा आकड्यांचा, म्हणून तुमचा मुद्दा आकड्यात मांडते. १५० मिलीचा ग्लास, १२.५ टक्के अल्कोहोल, म्हणजे १८.७५ मिली शुद्ध अल्कोहोल, वजनात साधारण १५ ग्रॅम. व्हिस्कीत ४२.८ टक्के असतं. म्हणजे माझा एक ग्लास साधारण ४४ मिली व्हिस्कीच्या तोडीचा. नवऱ्याचे मित्र ज्याला पेग म्हणतात त्या तीस मिलीपेक्षा मोठा! हा हिशेब मी आज पहिल्यांदा केला. इतके दिवस 'वाइन काय, हलकीच' असं मीही म्हणत होते. हलकी नाही. फक्त सावकाश पोटात जाते.

झोपेचंही खरं आहे. लवकर लागते आणि पहाटे तीनला टक्क जाग. म्हणून मी जेवणाआधी घेते, झोपताना नाही. आणि ज्या महिन्यात विसाच्या आधीच 'कधी एकवीस येते' असं वाटायला लागलं, त्या महिन्यात बाटली आणली नाही. मागच्या वर्षी दोनदा तसं झालं.

---

सातपुड्यातून | २३ एप्रिल, रात्री १०.००

नंदुरबार. शिक्षक आहे, धडगाव भागात. इकडे सध्या मोहाचा हंगाम सरत आलाय. फुलं रात्री गळतात, बायापोरं पहाटे टोपल्या घेऊन झाडाखाली जातात. वाळवलेली फुलं म्हणजे वर्षभराची बेगमी, भाकरीत घालतात, जनावरांना देतात, विकतात, आणि गाळतातही. देवाला आणि जमिनीला चार थेंब दिल्याशिवाय जाणता माणूस तोंडाला लावत नाही. सणाला, लग्नाला, सगळ्यांसमोर. चोरून पिण्याची पद्धत आमच्यासारख्या बाहेरून आलेल्यांनी आणली असं माझं मत, वाद नको. तुमच्या गच्चीवरचं उघड्यावर बसणं म्हणून आवडलं.

---

तिखट नाना | २३ एप्रिल, रात्री १०.२०

सर, एकदम भारी लिखेल शे.

ताई, तुम्ही करवाल्या म्हणून विचारतो. नाशिक इथून हाकेच्या अंतरावर, द्राक्षं आपली, मग बाटली हजाराला का?

---

वीस तारीख | २३ एप्रिल, रात्री १०.५५

नाना, दुखऱ्या जागी बोट ठेवलंत. दारू जीएसटीच्या बाहेर आहे, घटनेतच तशी व्याख्या आहे. ऐकायला छान, पण होतं काय, वायनरी काचेची बाटली, झाकण, खोका, लेबल यांवर जीएसटी भरते आणि विकताना जीएसटी नाही म्हणून त्याचं क्रेडिट, म्हणजे भरलेल्या कराची वजावट, मिळत नाही. तो बोजा किमतीत जातो. वर राज्याचा व्हॅट. महाराष्ट्रात बनलेल्या वाइनला सरकार त्यातला मोठा भाग वायनरीला परत देतं, म्हणून हजार तरी. तीच बाटली दुसऱ्या राज्यात बघा.

किराणा दुकानाचं आठवतंय ना? जानेवारी २०२२ मध्ये मंत्रिमंडळाने मोठ्या सुपरमार्केटात वाइन विकायला मान्यता दिली होती. केवढा गदारोळ झाला. ते तिथेच राहिलं. मला स्वतःला विचाराल तर तेलाच्या पिशवीशेजारी नकोच होती, पण एसीतली फळी मिळाली असती.

---

वेलीवरचा | २४ एप्रिल, सकाळी ६.४०

शिवाय आपलं हवामान फुकट नाही. फ्रान्समध्ये वेल थंडीत झोपतो. आपल्याकडे झोपतच नाही, म्हणून दोनदा छाटणी, एप्रिलला खरड छाटणी, पावसाळा सरता सरता गोडी छाटणी. तोडणी जानेवारी ते मार्च, तीही पहाटे टॉर्च लावून, कारण ऊन चढलं की द्राक्ष तापतं आणि वास उडतो. फेब्रुवारीत चार दिवस जास्त तापले तर साखर वर आणि आंबटपणा खाली. आंबटपणा गेला की कोरडी वाइन म्हणजे नुसतं कडवट पाणी. मग तो रस गार टाक्यांत १५-१६ अंशांवर ठेवायचा, विजेचं बिल मालकाला विचारा. हजारात परवडतं हेच नवल.

---

साक्री रोड | २४ एप्रिल, सकाळी ८.१५

मालकांना सांगू नका म्हणाला होतात, आता मालकांचीच बाजू 😀

---

वीस तारीख | २२ मे, सकाळी १०.०५

धागा वर काढतेय, अहवाल द्यायचा राहिला होता.

बाटली: सोव्हिन्यों ब्लाँ, फिरकीचं झाकण, मागच्या वर्षीची, ऐंशी रुपये कमी हजार. एसीच्या दुकानातून, आतल्या फळीवरची. बर्फ, पाणी, मीठ या पातेल्याचा प्रयोग उत्तम, वीस मिनिटं घड्याळ लावून. वास घेतल्यावर ढोबळी मिरची खरोखर आली, मला वाटलं वेलीवरचा यांनी डोक्यात भरवल्यामुळे, म्हणून नवऱ्याला न सांगता हुंगायला दिलं. तो म्हणाला, "भाजीवाल्याकडचं पोतं." पुरावा मान्य. सोबत भाजलेला बिबडा आणि कांदा. खारट बिबड्यानंतर तो आंबट घोट फार छान लागतो. बिबडा, तुमच्या नावाचा मान राखला.

फरशीला काल तीन बादल्या लागल्या.

उरलेली वाइन सांगितल्याप्रमाणे छोट्या काचेच्या बाटलीत गळ्यापर्यंत भरली आणि फ्रिजच्या दारात ठेवली. घरात रिकामी छोटी बाटली एकच होती, पन्ह्याची. शेजारी खऱ्या पन्ह्याची दुसरी. आज सकाळी सासूबाईंनी देवपूजा आटोपून पेल्यात ओतलं, एक घोट घेतला आणि स्वयंपाकघरातून हाक मारली, "अगं, ह्यात गूळ घालायला विसरलीस का?"

---

तिखट नाना | २२ मे, सकाळी १०.१२

मग पेला ठेवला का संपवला?

---

वीस तारीख | २२ मे, सकाळी १०.२०

गूळ घालून संपवला.